सरदारची संध्याकाळ

कोंडाजीनं दारू सोडली त्याला एकवीस दिवस झाले आणि बाविसाव्या दिवशी दिवस मावळता मावळता तो पुन्हा दारूच्या भट्टीवर हजर झाला. त्याचा गुन्हा एवढाच, की तो बैलगाडीत बसला होता.

तसा कोंडाजी शब्दाचा पक्का. पाडव्याला गुढीसमोर त्यानं शपथ घेतली होती आणि त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, तिथल्या तिथं आपली अट सांगून टाकली होती : पुन्हा ओढ्यातल्या त्या भट्टीची पायरी चढलात, की मी पोरीला घेऊन माहेरी रावेतला जाईन, ती कायमची. नुसत्या शपथेवर विसंबण्याइतकी ती भोळी नव्हती. रोज संध्याकाळी कोंडाजीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून "हाऽऽ" करायचं, तिनं वास घ्यायचा, मगच आत. सातवीतली इंद्रायणी, त्यांची लेक, दर दिवसाची एक रेघ कोळशानं भिंतीवर ओढायची.

गंमत म्हणजे कोंडाजीला मजा यायला लागली होती. बारा वर्षांत त्यानं संध्याकाळ नावाची वस्तू धड पाहिलीच नव्हती. आता ती रोज अख्खीच्या अख्खी हातात यायची आणि तिचं काय करावं ते त्याला कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून नव्यानं लावले आणि सोजराबाईला दोन दिवस मीठ सापडलं नाही. मग इंद्रायणीनं शाळेतली लेझीम आणून त्याच्या हातात दिली. पहिल्या दिवशी त्यानं ती स्वतःच्या गुडघ्यावर आपटली, दुसऱ्या दिवशी रांजण फोडला आणि पंधराव्या दिवशी बापलेक अंगणात असे घुमायला लागले, की शेजारणी चुलीवरचं कालवण टाकून बघायला यायच्या. गावच्या जत्रेत त्याला लेझमीच्या पहिल्या रांगेत उभं करायचं ठरलं. आजवर त्याला कुठल्या रांगेत कुणी उभं केलं नव्हतं, कारण तो उभाच राहत नसे.

एकच गोष्ट बिनसली होती. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळल्यामुळं पाडव्यापासून गाडी सुताराकडे पडलेली आणि दोन्ही बैल गोठ्यात बसून. त्यातला मुनीम मजेत रवंथ करायचा. पण सरदार मात्र दिवस कलला की दाव्याला हिसडे द्यायचा, हंबरडे फोडायचा, कडब्याला तोंड लावायचा नाही. घरच्यांनी त्याची दृष्ट काढली. शेजारच्या अंबूबाईनं सांगितलं म्हणून गळ्यात काळा दोराही बांधला.

बाविसाव्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली. कोंडाजीनं चिखलीच्या खाणीतला दगड पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर टाकला आणि गाणं म्हणत माघारी निघाला. ओढ्याकडे वाट फुटते तिथं येताच सरदारनं कान टवकारले, शेपूट पाठीवर टाकलं आणि तो तिकडे वळला. कोंडाजीनं कासरा ओढला. सोजराबाईच्या बोलण्याचा बारा वर्षं कोंडाजीवर जेवढा परिणाम झाला होता, तेवढाच त्या कासऱ्याचा सरदारवर झाला. बिचारा मुनीम जुवाला बांधलेला, तो संगतीनं वाया गेला.

भट्टीवाला आबाजी तोंडभरून हसला. "या राव. एकवीस दिस. आमी म्हनलं, गेला का काय."

"मी न्हाई आलो. बैलानं आनलं."

"आसंच म्हनत्यात समदे," आबाजी म्हणाला आणि जुन्या सवयीनं त्यानं पिंपाच्या तळचा, गूळ आणि बाभळीची साल आंबवून उरलेला गाळ बादलीभर काढून सरदारपुढं ठेवला. सरदारनं बादली आतून बाहेरून चाटली आणि डोळे मिटून एक लांबलचक ढेकर दिला. तेव्हा कुठं कोंडाजीच्या डोक्यात उजेड पडला. गेली सहा वर्षं तो एकटा पीत नव्हता.

घरी "हाऽऽ" झालं. वास कांद्याचा आला. पण गाडी ओढ्यात उभी असल्याची वर्दी अंबूबाईनं आधीच पोचवली होती.

"बैलानं नेलं?" सोजराबाई म्हणाली. "अवं, खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोला."

"सरदार पितोय, अगं."

"व्हय. आन् मुनीम पत्ते कुटत आसंल."

गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष सोपानराव यांच्या कानावर कोंडाजीनं हे घातलं, तर ते हसून हसून ओट्यावरून खाली आले. दारुडे संगतीचं नाव सांगतात, नशिबाचं सांगतात, बैलाचं नाव आपण पहिल्यांदाच ऐकतोय, असं ते डोळे पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी गाडीत बसलाच नाही. सरदारची वेसण हातात धरून तो पुढं पायी चालला आणि ओढ्यापर्यंत पायी फरफटत गेला. त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा सोजराबाईची ट्रंक उंबऱ्यावर बांधून तयार होती.  भिंतीवरच्या रेघांकडे कोंडाजीला बघवेना.

"आये," इंद्रायणी हळूच म्हणाली, "रावेतला जायाला गाडी तर लागंलच की."

चैत्राचं ऊन, त्यामुळं दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर निघायचं ठरलं. सोपानरावांचं त्याच दिवशी रावेतला दारूबंदीवर भाषण होतं, तेव्हा तेही गाडीत बसले. मागं सोजराबाई, तिच्या मांडीवर ट्रंक, शेजारी चिंच चोखत इंद्रायणी. सोपानरावांनी भाषणाची तालीम कोंडाजीवरच सुरू केली. मन खंबीर असलं की बैलसुद्धा ऐकतो, कासरा म्हणजे काय, तर मनाचाच दोरा, वगैरे.

"मंग धरा जरा," म्हणत कोंडाजीनं कासरा त्यांच्या हातात दिला.

वाट फुटली. सरदारचं शेपूट वर गेलं. पुढचं सगळं फार झटपट झालं. सोपानरावांची टोपी पहिल्या खड्ड्याला गेली, भाषणाचे कागद दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला ते स्वतः ट्रंकेवर येऊन बसले, पण कासरा काही सुटला नाही. दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष समोरून भरधाव येताना पाहून आबाजी जवळच्या बाभळीवर चढला. बाभळीला काटे असतात हे त्याला वर गेल्यावर आठवलं.

सरदारनं बादलीची वाट पाहिली नाही. त्यानं थेट पिंपात तोंड घातलं. सोजराबाई बघतच राहिली.

नेमका तेव्हाच ओढ्याच्या दरडीमागं भट्टीवर छाप्यासाठी दबा धरून बसलेला हवालदार दोन शिपायांसह बाहेर आला. "सोपानराव? तुम्ही?"

सोपानरावांनी एकदा कोंडाजीकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बैलानं आणलं."

"असंच म्हणतात सगळे," हवालदार म्हणाला.

कोंडाजीनं हसू येऊ नये म्हणून उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. सोजराबाई मात्र ट्रंक खाली ठेवून पुढं आली. वासाच्या कामात तिचा हात धरणारं त्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तिनं सगळ्यांना ओळीनं उभं केलं, "हाऽऽ" करायला लावलं आणि हवालदाराला हुंगायला सांगितलं. कोंडाजीचा कांदा निघाला, सोपानरावांची वेलची, इंद्रायणीची चिंच. हवालदार ओळीच्या शेवटी पोचला, तशी सरदारनं पिंपातून मान काढली आणि त्याच्या तोंडावर मनापासून ढेकर दिला. हवालदाराच्या डोळ्यांतून पाणी आलं. पंचनाम्यात त्याला लिहावं लागलं : बैल एक, रंग पांढरा, नशेत. मग बाभळीवरून आवाज आला, की आता कुणीतरी मलाही पकडा, पण आधी उतरवा.

रावेतला जाणं शक्यच नव्हतं. सरदारचे पाय चारी दिशांना चालले होते. घरी आल्यावर सोजराबाईनं ट्रंक आत नेली आणि इंद्रायणीला म्हणाली, "कोळसा आन." त्या दिवसापासून भिंतीवर दुसरी ओळ सुरू झाली, सरदारची.

भट्टी मोडली, पण सवय मोडायची राहिली होती. दिवस मावळायला कोंडाजी गोठ्यात जाऊन बसायचा, सरदारची मान खाजवायचा. "पयलं आठ दिस वंगाळच जात्यात, गड्या," तो समजावायचा. "मंग लई झ्याक वाटतं. मीठ तेवढं सापडत न्हाई." आणि मग गोठ्यासमोरच बापलेक लेझीम खेळायचे. आधी सरदार पाठ फिरवून उभा राहिला. आठवड्यानं एक कान वळला. पंधरवड्यात तो पेंड खाता खाता लेझमीच्या ठेक्यावर मान डोलवायला लागला आणि पिंपरीहून येताना ओढ्याच्या वाटेकडे न बघता सरळ घराकडे पळायला लागला. जत्रेच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेच्या मागोमाग शिंगं रंगवून तोही होता. सोपानराव भेटले की आता त्याला आधी नमस्कार करायचे.

जत्रेहून घरी आले तेव्हा सोजराबाईनं अंगणातच सरदारच्या तोंडाजवळ नाक नेलं, खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आत निघून गेली.

कोंडाजी शिस्तीत उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "हाऽऽ" केलं. कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा "हाऽऽ" केलं आणि आ वासून वाट बघत राहिला.

आतून भाकरी थापायचा आवाज येत होता. त्या आवाजातूनच सोजराबाई म्हणाली, "तोंड मिटा आन् आत या. माशी जाईल."