शेवटची बादली आणि केरूभाऊंचे पाय

पाहुणचार कसा करावा, हे अख्ख्या रत्नागिरीने माझ्याकडे येऊन शिकावं! असं मी गेल्या गुरुवारी दुपारी एक वाजेपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. त्यानंतर सांगायचं सोडलं.

त्याचं असं झालं. मार्चमध्ये आमच्या चर्चचे फादर आम्हा पाच जणांना घाटावरच्या एका मठात घेऊन गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या ब्रदरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. दारावर थाप पडली की आधी ‘देवाचे आभार!’ म्हणायचं. आलेला माणूस म्हणजे साक्षात प्रभू येशू, तेव्हा नाव-गाव-काम न विचारता त्याचे पाय धुवायचे आणि त्याला जेवू घालायचं. तिसरी गोष्ट, स्वयंपाकघरातली भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानायची. ही तिसरी मी फारशी मनावर घेतली नाही. ते खातं विमलाचं!

विमला म्हणजे आमची मंडळी. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर, त्यामुळे वेळ भरपूर आणि उत्साह त्याहून जास्त. आठ दिवसांत कुरिअरवाला पार्सल कुंपणावरून फेकून पळायला लागला!

गुरुवारी मात्र नळाला पाण्याचा थेंब नव्हता. विहिरीवरचा पंप दोन दिवस बंद, रहाट कधीचाच मोडलेला, आणि पाच वाजता आमच्याकडे महिला मंडळाची प्रार्थना. पंचवीस बायका! विमलाने उरलेली एकुलती एक बादली झाकून ठेवली.

“ही चहाची. हिला हात लावलात तर याद राखा! मी शेजारच्या दर्शनाकडून कळशीभर पाणी आणते. बांगडे करून ठेवलेत, आल्यावर जेवू. आणि पंपवाला आला तर विहिरीवर पाठवा.”

पंपवाला म्हटल्या दिवशी येतो, हे माझ्या साठ वर्षांत घडलेलं नाही. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

“देवाचे आभार!” मी ओरडलो.

दारात पन्नाशीचा एक माणूस. हात रिकामे, पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेले.

“मास्तर, मी केरू. वैनीनी मला...”

“नाव सांगायचं नाही! काम तर मुळीच नाही! बसा!”

पाय धुवायला पाणी कुठलं? ती एकच बादली. मी क्षणभर कचरलो. पण प्रभूच्या पायांपेक्षा चहा मोठा का? उचलली बादली!

“आवो मास्तर, माज्या पायाना हात नका लावू!” म्हणत त्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी ते खाली ओढले. बादली संपली तेव्हा पाय गोरे आणि अंगण लाल झालं होतं.

मग ताटं. बांगडे दोनच होते, एक माझा, एक विमलाचा. मठात यजमान पाहुण्याबरोबरच जेवतो, म्हणून माझा मी घेतला आणि विमलाचा पाहुण्याला वाढला.

“मास्तर, तो पंप...”

“शूऽऽ! मठात जेवताना बोलत नाहीत!” आणि मी सगळ्यात लांबलचक स्तोत्र मोठ्याने वाचायला घेतलं.

आम्ही बोटं चाटत असताना विमला कमरेवर कळशी घेऊन आली.

“केरूभाऊ! आलात? झाला का हो पंप चालू?”

केरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्तोत्राकडे.

“तोंड उगडाय दिलानी तर ना वैनी! हत्यारांची पिशवी अजून गाडीलाच हाय.”

विमलाने रिकामी बादली पाहिली. मग दोन ताटांतले दोन काटे पाहिले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली. घामाने डबडबलेली, कळशी अजून हातातच.

केरूभाऊ हळूच म्हणाले, “वैनी, तुमी जेवलाव?”

मठातून आल्यापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हे विचारत होतो. हिला सोडून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केरूभाऊ हात पुसून थेट विहिरीत उतरले. पाइपाच्या तळाशी पाणी ओढणाऱ्या फूटव्हॉल्वमध्ये फणसाचं पान अडकलं होतं. तेवढ्या वेळात मी आयुष्यातलं पहिलं अंडं तळलं. विमलाने ते कोळशासकट खाल्लं. तितक्यात टाकीत पाणी धो धो पडायला लागलं!

“मास्तर,” वर येऊन केरूभाऊ म्हणाले, “तीस वर्सं लोकांच्या घरात पानी चडवतोय. पन माज्या पायांवर पानी कुनी घातलं नव्हतं.”

मला भरून आलं. विमलालासुद्धा, पण तिने ते माझ्यापासून लपवलं.

पाच वाजता चहाला आधण चढलं. प्रार्थनेत विमलाने पाण्याबद्दल आभार मानले, ओटीवर दुसरा कप पीत बसलेल्या केरूभाऊंबद्दल मानले, आणि मग म्हणाली, “आणि प्रभू, आमच्या ह्यांना अक्कल येईपर्यंत मला धीर दिलास, त्याबद्दलही तुझे आभार!”

“आमेन!” पंचवीस बायका एवढ्या मोठ्याने कधी म्हणाल्या नव्हत्या.

सगळ्या गेल्यावर मी बादली काठोकाठ भरून आणली आणि हिच्यापुढे गुडघे टेकले. “विमला, पाय पुढे कर.”

तिचे डोळे पाणावले.

“पाय राहू देत हो,” ती मायेने म्हणाली. “मोरीत सव्वीस कप पडलेत.”

तेव्हा कुठे मला ती तिसरी गोष्ट आठवली. वेदीवरची पवित्र पात्रं! अगदी भक्तिभावाने घासायला बसलो. चोवीस झाली. दोन फुटली, ती अळवाखाली पुरली आहेत. विमलाला तेवढं सांगू नका.