बाहेरची वाट

माझ्या गाडीच्या चाकांशी चुन्याची रेघ दिसली, त्या दिवशी नाना सरांशी माझं पहिलं भांडण झालं. क्रीडांगणावर मारतात तशी फक्की त्यांनी कॉलनीच्या मोकळ्या जागेतल्या कडुनिंबाभोवती गोल मारली होती. तो गोल माझ्या पुढच्या चाकाशी थांबून मागच्या चाकाशी पुन्हा सुरू झाला होता. टायरलाही फक्की लागली होती. दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं नानांच्या हातात, आणि मधली दोरी माझ्या बॉनेटवर. हे काय चाललंय, असं मी विचारलं.

"त्रिज्या वाढली," नाना म्हणाले. "गाडी रोज संध्याकाळी पाच ते सहा हलवत जा."

कृपया नाही, माफ करा नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्याला उठवावं तसं मला उठवलं. मी तणतणत घरात गेलो.

नाना भडगावला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि जळगावात आमच्या समोरच्या घरात राहायला आले. घरात ते आणि त्यांची बायको, अक्का. आमच्याशी ते पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत, अक्कांशी अहिराणी. चाळीस वर्षं शिकवलेल्या सगळ्या विज्ञानातून त्यांच्या डोक्यात कोनीय वेग तेवढा शिल्लक राहिला होता. "कोन सारखा, वाट वेगळी" हे त्यांचं पालुपद. पंखा बघितला की तेच, चक्की बघितली की तेच. पात्याचं टोक आणि पात्याचा मधला भाग एकाच वेळात एक फेरी मारतात, पण टोकाला किती लांब पळावं लागतं, हे त्यांनी आमच्या इलेक्ट्रिशियनला शिडीवरून खाली उतरवून सांगितलं होतं.

कॉलनीतल्या देवळात तर त्यांनी कहरच केला. एकशे आठ प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांना सांगितलं, "गाभाऱ्याला खेटून चाला. कोन तेवढाच, अंतर निम्मं. पुण्य कोनावर मिळतं, अंतरावर नाही." दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका भिंतीला खेटून चालू लागल्या आणि एकमेकींच्या टाचा तुडवू लागल्या. पुजाऱ्याने शेवटी मध्ये दोरी बांधली आणि नानांना घरूनच नमस्कार करायला सांगितलं.

असा हा माणूस. त्यामुळे फक्कीचा गोल हाही त्याच वेडातला प्रकार, असं मी धरून चाललो होतो. रोज पाचला दोघं बाहेर येत. अक्का कडुनिंबाच्या पाराला लागून, एक हात पाराच्या कडेवर ठेवून, पाय ओढत चालत. नाना बाहेरच्या गोलावरून ताडताड चालत. अक्कांची फेरी संपली की नेमकी त्याच वेळी नानांचीही संपे. पुढच्या महिन्यात फक्की आणखी बाहेर सरकली आणि नानांनी मला गाडी पार माझ्या घराच्या भिंतीपर्यंत न्यायला सांगितलं.

त्या दिवशी मी गाडी हलवली नाही. मुद्दामच. खिडकीतून बघत बसलो. नाना गाडीपाशी अडले, वळसा घालून आले, तोवर अक्का पुढे निघून गेल्या होत्या. गाठायला नानांनी चाल वाढवली, मग पुढे गेले, मग थांबले. ते थांबलेले पाहून अक्का मटकन पारावर बसल्या. पुढचे तीन दिवस त्या चालल्याच नाहीत.

चौथ्या दिवशी नाना माझ्याकडे आले. भांडायला आले असतील म्हणून मी कंबर कसली होती, पण ते खुर्चीत बसले आणि सांगू लागले. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे, अशीच चालायची रीत. नानांची चाल तर अशी की अक्का कायमच मागे. पिंपळनेरला एका लग्नाहून परतताना नाना पुढे गेले, स्टँडवर पोचले, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या आणि बसून राहिले. ही बांगड्या बघत थांबली असेल म्हणून मनातल्या मनात चिडले. वीस मिनिटांनी उतरून मागे गेले, तर अक्का रसवंतीच्या सावलीत आडव्या होत्या. अर्धं अंग गेलं होतं. लोकांनी पाणी मारून त्यांना सावलीत ठेवलं होतं आणि हिच्यासोबत कोण आहे म्हणून विचारत होते.

"सरळ रस्त्यावर एक जण मागे राहतोच," नाना म्हणाले. "म्हणून मी गोल काढला."

डॉक्टरांनी रोज चालवा म्हणून सांगितलं होतं. पण नाना हळू झाले की अक्का खाली बसत. हा माणूस माझ्यासाठी हळू चालतोय म्हणजे माझं संपलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. अक्का पाराचा आधार सोडू शकत नव्हत्या, नाना चाल कमी करू शकत नव्हते. मग अक्का मंदावल्या की नानांनी गोल मोठा करायचा. तेवढीच चाल, लांब वाट, आणि दोघांची फेरी बरोबर. मला शुगर आहे, जास्त चालावं लागतं, असं त्यांनी अक्कांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या अंगणाकडे सरकणारी ती फक्की अक्का किती खचल्या याचा हिशेब होती, आणि मी तिच्यावर गाडी लावून बसलो होतो. माझी मलाच लाज वाटली.

मी गाडी काढली. त्या संध्याकाळी अक्का पुन्हा चालल्या. नाना पाणी आणायला आत गेले तेव्हा अक्कांनी मला पाराशी बोलावलं. जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढत होत्या.

"गाडी लांबच ठेवजा, भाऊ. त्यासले आखो लांब जानं पडी," त्या म्हणाल्या. नानांना अजून लांब जावं लागेल. मग जरा थांबून म्हणाल्या, "माले बठ्ठं माहीत शे. त्यासले नका सांगू."

त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मी नानांना नाही सांगितलं. फक्की सरकत सरकत माझ्या भिंतीला टेकली. त्यापलीकडे जागा नव्हती. मग नाना पाय तेवढ्याच घाईने उचलत, पण पाऊल निम्मं टाकत. अक्का त्यांच्याकडे न बघता चालत. पौषात एका दुपारी त्या गेल्या.

तेराव्यानंतरच्या दिवशी पाच वाजता सवयीने मी गाडी काढायला धावलो. बाहेरच्या गोलावर कोणी नव्हतं. नाना पाराला लागून चालत होते. पाराचा रंग जिथे अक्कांच्या तळहाताने गेला होता, तिथेच हात ठेवून, एकेक पाऊल, फार हळू. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "नाना, तुमची वाट तिकडे."

माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलले नव्हते.

"आते बाहेर ती शे," ते म्हणाले. "लई लांबनी वाट शे तिनी. मी धिरे चालस, म्हंजे ती सोबत राही."

मी परत आलो आणि गाडी काढून पार रस्त्यावर लावली. अजूनही रोज पाचला काढतो.