उज्वलावहिनींच्या चिपाडाच्या वाट्या

"प्लास्टिकचा एक कण जरी सापडला ना, तर माझं नाव बदला!" उज्वलावहिनींनी सगळ्या सोसायटीत जाहीर करून टाकलं होतं. सून सायलीला सातवा महिना लागलेला, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये डोहाळजेवण, आणि वहिनींनी खास उसाच्या चिपाडाची ताटं-वाट्या आणलेल्या! ओटीचं राहिलं बाजूला, येणारी प्रत्येक बाई दारातच भांड्यांचं कौतुक करून दमत होती.

पंगत बसली. मटकीचा रस्सा वाफाळत होता, वर बोटभर तर्री. एवढ्यात वहिनींची भाची प्रतिभा, फूड सायन्स शिकणारी, वाटी उलटीपालटी करू लागली.

"मामी, यावर काहीच छापलेलं नाही."

"काय छापायचं असतं? सावकाश जेवा?"

"तसं नाही गं. तेल झिरपू नये म्हणून काही जण यात केमिकल घालतात. गरम, तेलकट पदार्थात ते थोडंथोडं उतरतं. सगळ्याच वाट्यांत असतं असं नाही हां, पण..."

'सगळ्याच वाट्यांत नाही' हे वहिनींच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांची नजर सायलीच्या पाटाकडे गेली. फुलांचे दागिने ल्यालेली सायली आत पडायला गेली होती आणि तिची रस्स्याची वाटी चाटूनपुसून लख्ख! इतके महिने पोरीला पपई दाखवली नाही, आणि आज आपल्याच हातानं केमिकल वाढलं!

निदान इतरांना तरी वाचवू, तेही गाजावाजा न करता, असं ठरवून त्यांनी पहिलीच वाटी धरली ती दिंडोरीच्या पुतळाबाई मावशींची.

"मावशी, द्या बरं इकडे."

"का? अजून संपली नाय!"

"दुसरी देते."

"हीच बरी हाय! माझं खाणं काढतीस व्हय गं?"

एक टोक मावशींच्या हातात, दुसरं वहिनींच्या. वाटी फाटली आणि रस्सा मावशींच्या हिरव्या लुगड्यावर!

"अहो, त्यात उतरलंय!" वहिनींच्या तोंडून निसटलं.

"काय उतरलंय?" पलीकडची बाई दचकली. तिनं शेजारणीला सांगितलं, "काहीतरी पडलंय." आणि स्वयंपाकघरापर्यंत बातमी गेली ती, "रस्स्यात पाल पडली!"

मग काय विचारता! दोघी बेसिनकडे धावल्या, एकीनं मीठ-पाणी मागितलं, एकीला तर शेपटी दाताखाली आल्याचं आठवायला लागलं!

"पाल नाही हो! पाल नाही!" वहिनी ओरडत होत्या, पण ऐकतो कोण? शेवटी त्यांनी वाट्यांच्या दुकानदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"भाऊ, खरं सांगा, त्या वाट्यांत केमिकल आहे का?"

"छ्या! निर्धास्त राहा, वहिनी! तुमच्यासाठी भारीतला माल दिलाय. आतून प्लास्टिकचा पातळ थर आहे, थेंब झिरपणार नाही!"

मग पुतळाबाई म्हणाल्या, "म्हंजे प्लास्टिकच हाय ना? हात्तिच्या! मला वाटलं पाल. वाढ गं, लय भूक लागली!" आणि पंगत पुन्हा बसली.

वहिनी मात्र आतल्या खोलीत धावल्या. सायलीच्या उशाशी बसल्या, तिचा हात धरला आणि त्यांना रडूच कोसळलं.

"सायली, माझं चुकलं गं! बाळ हलतंय ना? डॉक्टरांना बोलावू?"

"आई, झालं काय? छान लाथा मारतंय."

मागोमाग आलेली प्रतिभा म्हणाली, "मामी, एका वाटीनं काही होत नाही गं."

"पण तो रस्सा..."

"रस्सा मी कुठे खाल्ला?" सायली म्हणाली. "वासानंच मळमळलं. माझी वाटी तर यांनी संपवली."

दारात उभा असलेला वहिनींचा मुलगा महेश खाली बघू लागला. नवऱ्यानं बायकोच्या पाटावरचं खाल्लं, पण वहिनींना आज त्याचे पाय धरावेसे वाटले! छातीवरचा दगड उतरला. त्यांनी डोळे पुसले.

"मग माझं लेकरू सकाळपासून उपाशी?"

"नाही हो आई. कोपऱ्यावरच्या गाडीवरून यांनी गरमागरम कांदाभजी आणली होती. पोटभर खाल्ली!"

असं म्हणून सायलीनं उशीखालून पुडी काढली. तेलानं पारदर्शक झालेला कालचा पेपर. उरलेल्या एकुलत्या एका भज्यावर शेअर बाजाराचे भाव अगदी ठळक उतरले होते.