कडी लावून केलेला अर्ज

साडूच्या मुलीचं लग्न ठरलं आणि हेडक्लार्कसाहेबांनी मनातल्या मनात एक छोटासा निर्णय घेतला. या वेळच्या फोटोत आपल्या डोक्यावर केस असतील. साडू वयाने मोठा, पण त्याच्या डोक्यावर अजून जंगल होतं, आणि फोटोच्या वेळी तो नेमका यांनाच खेटून उभा राहायचा.

रविवारी बायको स्वयंपाकघरात गुंतलेली पाहून साहेब कॉम्प्युटरपुढे बसले. केस उगवणाऱ्या तेलाची एक वेबसाइट सापडली. तिथे नाव टाकायला गेले, तोच स्क्रीन लालभडक झाला. ‘ही साइट सुरक्षित नाही. तुम्ही दिलेली माहिती इतरांना दिसू शकते.’

एरवी असल्या सूचना ते माशी हाकलावी तशा हाकलत. (ऑफिसात मात्र परिपत्रकातला स्वल्पविरामही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.) पण आज प्रश्न अब्रूचा होता. ‘इतर’ म्हणजे कोण, हे त्यांना लगेच उमगलं. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला, समोरच्या गॅलरीत कुणी नाही याची खात्री केली आणि निर्धास्त मनाने ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबलं.

त्यानंतर साइटने विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं. जन्मतारीख, पत्ता, टक्कल कधीपासून, आजवर काय काय चोळून झालं. मोबाइल नंबर मागितला तेव्हा मात्र ते सावध झाले. आपला नंबर असा कुणालाही द्यायचा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बायकोचा दिला.

सोमवारी ते घरी आले तेव्हा बायको फोन बंद करून बसली होती. सकाळपासून विगवाले, मलमवाले, केस रोवून देणारे असे सगळे ओळीने फोन करत होते, आणि प्रत्येक जण घरातलं माणूस आजारी असावं तशी साहेबांच्या टकलाची चौकशी करत होता. तिने हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. ते जास्त वाईट होतं.

“पण मी दाराला कडी लावली होती,” साहेब म्हणाले.

“म्हणून तर मला काही कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं.”

साहेब जरा वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिले. मग हळूच त्यांनी विचारलं, “तेलवाल्याचा आला होता का?”

“आला होता. डोक्यावर कितपत शिल्लक आहे म्हणाला. मी खरं ते सांगितलं.”

“मग?”

“हळहळला बिचारा. मग म्हणाला, ताई, आम्ही कुणालाही तेल विकतो, पण इथे मन होत नाही.”