ढेरीची जावक

ज्या खात्याला काम कमी, त्याचे हुकूम जास्त, हे प्रशासनाचे मूलतत्त्व आहे. मानवी ढेरी त्याला अपवाद नाही.

आवक-जावक विभागाचे हेडक्लार्क भाऊसाहेब मात्र आपल्या ढेरीला निव्वळ कोठार समजत. बैठकांमधली असंख्य बिस्किटे तेथे सुखरूप जमा होती. मधुमेहही होता, पण मुरलेल्या कर्मचाऱ्यासारखा, बसल्या जागेवरून न हलणारा. हल्ली जिना चढताना छातीवर फायलींचा गठ्ठा ठेवल्यासारखे होऊ लागले, तेव्हा बायकोने त्यांना धरून डॉक्टरीणबाईंसमोर बसवले.

"चरबी नुसती पडून नसते हो," बाई म्हणाल्या. "ती संप्रेरकं सोडते. रक्तातून निरोप धाडते म्हणा ना! एक निरोप हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल राहा. पोट सुटलं की नेमका तोच आटतो आणि सूज आणणारे, आवळायला लावणारे वाढतात. त्यात तुमच्या साखरेनं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच बिघडवलंय."

"म्हणजे जावक वाढली," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले. "आणि पोच?"

"जिन्यात मिळतेय ना, छातीत!"

"मी लग्नापासून सांगतेय, यांना चरबी चढलीय," बायको म्हणाली. (शास्त्राला हे कळायला बराच उशीर झाला.)

भाऊसाहेबांना वाईट वाटले. जगाची गुपिते त्यांनी पोटात ठेवली होती आणि पोटच चहाडखोर निघाले! बाईंनी गोळ्या, तपासण्या आणि बेताने चालणे सांगितले. पण कचेरीची खिडकी बंद केली की जावक थांबते, हा भाऊसाहेबांचा अनुभव होता. त्यांनी पट्टा दोन भोके आवळला आणि ढेरी नियंत्रण समिती नेमली. पहिल्या महिन्याची प्रगती अशी: कंबर दोन भोकांनी कमी, ढेरी तेवढीच (वर सरकली), चालणे शून्य, चालण्याविषयी बैठका सात (बिस्किटांसह), तपासण्या विचाराधीन.

मग एका संध्याकाळी घराच्या जिन्यातच पोच आली. भाऊसाहेब मधल्या पायरीवर मटकन बसले. घामाने सदरा भिजला. आयुष्यात प्रथमच त्यांना खरोखर भीती वाटली. बायकोने आधी पट्टा सोडला.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," ते पुटपुटले.

"हे 'उद्या' तुमच्या कचेरीत ठेवा!" ती रडतच ओरडली. "मला तुम्ही हवे आहात हो. रिक्षा बोलावलीय, शेजारी आलेत, उठू नका, आम्ही उचलतो."

रुग्णालयात वेळेवर पोहोचले म्हणून वाचले. आता भाऊसाहेब बाईंनी सांगितले तेवढे रोज चालतात, गोळ्या घेतात आणि बिस्किटाच्या बशीकडे पाठ करून बसतात. समिती बरखास्त झाली, ढेरीची जावक मात्र थांबलेली नाही. हे सारे आपण बसल्या बसल्या वाचलेत आणि मध्येच कुठेतरी हसलात. हसताना आपल्या पट्ट्यावर जे हलले, त्याने तेवढ्यात एक निरोप वर रवाना केला आहे. पोच सवडीने येईल.