उलट्या निपलाची गाडी

आमच्या चारकोपच्या सोसायटीत परबकाकांचा चेहरा कमी आणि पाय जास्त दिसतात. दर रविवारी ते आपल्या गाडीखाली शिरतात. बाहेर उरतात दोन टाचा आणि एक आवाज, "कोण रे तो मेलो? उजेड सोड!"

गाडी म्हणजे काय, तर सुट्या भागांचे खोके मागवून काकांनी पार्किंगमध्येच जोडलेली, दोन सीटची, बेडकाच्या तोंडाची. काका जन्मभर फिटर होते ना! गाडी धावते कमी, ग्रीस खाते जास्त. पुढच्या सस्पेन्शनला चार निपलं आहेत, म्हणजे ग्रीस आत सारायची बारीक तोंडं. तीन हाताला लागतात. चौथं काकांनीच जोडताना उलटं बसवलं. तिथे त्यांचा पंजा जातच नाही.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "काका, अर्ध्या तासात फिरवून देतो."

काका उखडले. "फिरवूचा नाय! गाडी माझी, ग्रीस माझा, तुझ्या बापाशीचा काय जाता?"

हे वाक्य मला पाठ आहे, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी. फरशीवर काळे डाग पडले, की लोक माझ्याच दारात, आणि मी काकांकडे गेलो, की हेच उत्तर. शेवटी कमिटीने ठरवलं, पंधरा दिवसांत गाडी हलवा, नाहीतर उचलून नेऊ. आणि नोटीस द्यायची कोणी? मीच!

मी घाबरट नाही, पण हुशार आहे. रविवारी दुपारी अडीचला, सगळी बिल्डिंग मासे जेवून घोरत असताना खाली उतरलो. नोटीस काचेला चिकटवायची आणि पळायचं.

तर गाडीखाली पाय होतेच! आणि चाकाशी, प्लास्टिकच्या स्टुलावर, परबकाकू. गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या. बांगड्या काढून बॉनेटवर ठेवलेल्या. तोच उजवा हात चाकामागच्या फटीत कोपरापर्यंत घातलेला.

"वर गो. आणखी वर. गावला?"

"रवा मां जरा! घाई कित्याक करतास?"

काकू घामाघूम झाल्या होत्या. मग आतून खट्ट आवाज आला. ग्रीस गनची नळी निपलावर बसली. काकांनी दांडा दाबला आणि ओरडले, "इला! ग्रीस इला गो भायर!"

मला बघून ते सरपटत बाहेर आले. मी शिव्यांची तयारी ठेवली.

"डॉक्टर सांगतत, रबराचो चेंडू दाबा," काका म्हणाले. "ही चेंडू फेकून देता. ह्या काम मात्र करता. आदीपासून थंय हिचोच हात जाता. दुखण्यानंतर पयल्यांदा नळी बसवूक तीन म्हयने लागले. आता सांग, फिरवू तो निपल?"

मी नोटीस पाठीमागे लपवली. मला माझीच लाज वाटली.

"हातात काय तुझ्या? कागद? दी हय."

मी दिला. त्यांनी तो न वाचताच चुरगळून मऊ केला आणि काकूंची काळी झालेली बोटं एकेक करून पुसू लागले. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "हात वाकडो दिसता, म्हणून ह्या वेळेक येतंव रे."

"झकास आहे हात, काकू," मी म्हटलं.

मीटिंगमध्ये विचारलं, नोटीस दिली का? म्हटलं, दिली, आणि तिचा उपयोगही झाला. गाडी तिथेच राहणार. कुणाला काय करायचं ते करा.