पाय झाडणारी मुंगी

आमच्या शेजारचे भास्कर काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीकडे बघतात, मग माणसांकडे. माणसांकडे बघायचं कधी कधी राहूनही जातं. एकदा आमच्या हिने ओट्यावरची मुंग्यांची रांग फिनेलने पुसली, तर काकाजी घरचं कोणी गेल्यासारखे कळवळले. "पोरी, रोडच उखडला तू त्याईचा! आता घरी कशा जातीन त्या?"

काकाजी एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. बाभुळगावच्या स्टँडवर गाडी सुटायची वाट बघता बघता त्यांना मुंग्यांचा नाद लागला. उरलेलं नुकसान मोबाइलवरच्या व्हिडिओंनी केलं. मुंगी बोलत नाही, वास सोडते, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की माझ्या कानातच वारूळ झालंय. खायला सापडलं की एक वास, धोका दिसला की दुसरा. "चिरडलेली मुंगीबी बाकीच्याईले सावध करून जाते," असं भर मयतीत सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना बघून लोक रस्ता बदलतात, आणि काकाजींना वाटतं, गावात कामं फार वाढली.

परवा त्यांच्या भाचीची हळद होती. मांडवात बायकांची झुंबड. नवरीची आई, म्हणजे काकाजींची धाकटी बहीण सुमनबाई, मात्र मागे भांड्यांपाशी. नवरा गेलेली बाई, हळदीला हात लावायचा नाही. कुणी तसं म्हटलंही नव्हतं. म्हणावं लागत नाही.

काकाजी उभे राहिले. "मुंगी मेली का तिले एक वास सुटते..." मांडवभर कपाळाला हात लागले. "त्या वासावरून बाकीच्या तिले उचलून बाहेर फेकतात. पण थोच वास जित्या मुंगीले लावला, तर तिलेबी फेकतात. थे पाय झाडून राह्यते, तरी फेकतात!"

मग हळदीची वाटी उचलून ते थेट भांड्यांपाशी गेले. "सुमे, चाल. पोरगी वाट पाहून राह्यली."

एक म्हातारी काही बोलणार होती. पण काकाजी पुढचंही सांगतील या धास्तीने तिने तोंड मिटलं. सुमनबाईंनी लेकीच्या गालाला हळद लावली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या.

पंगतीत मी म्हटलं, "काकाजी, तुमचं भाषण आज पहिल्यांदा कामी आलं."

त्यांनी भातात वरण कालवलं.

"माह्या लग्नाच्या वक्ती बाप नव्हता," ते म्हणाले. "माय दिवसभर चुलीपाशीच बसून होती. मले वाटलं, तिले गर्दी आवडत नाही."